माय जाऊन राहिली

माझ्या आईबद्दलचं एक वाक्य दुरुस्त करायला मी तयार नाही, हे आधीच सांगून टाकतो. या पुस्तकाची मुद्रितं पुण्याहून आली आहेत. तपासणारा माणूस कष्टाळू दिसतो. त्याने माझे ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन ठिकाणी निसटलेला अनुस्वार लावला, आणि त्याबद्दल मी त्याचा खरोखर आभारी आहे, कारण ऐंशीच्या घरात डोळे दगा देतात. पण एका पानावर त्याने ‘जाऊन राहिली’ या दोन शब्दांभोवती लाल वर्तुळ काढलं आहे आणि समासात लिहिलं आहे, ‘जाऊन तिथेच राहिली, की जात होती? खुलासा व्हावा.’ मी धर्मगुरू म्हणून जगलो, उरलेल्या वेळात व्याकरण लिहिलं, भाषांतराच्या समित्यांवर बसून शब्दाशब्दावर भांडलो. एवढ्या वर्षांत हा खुलासा माझ्याकडे याआधी एकदाच मागितला गेला होता. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. तेव्हाही मी वाक्य बदललं नव्हतं.

सदर नावाच्या वस्तीत, सिस्टरांच्या मठाच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या. त्यात मी आणि माय. बाप मठाच्या शाळेची बस चालवायचा. मी पाचवीत असताना तो काविळीने गेला आणि सिस्टरांनी मायला स्वयंपाकघरात कामाला घेतलं. तिचं नाव मार्था, पण गल्लीत ती मारताबाईच होती. मठात तिच्याकडे एक काम असं होतं की जे दुसऱ्या कुणाला जमत नसे. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या वेळी वेदीपुढे जी पांढरी पातळ चकती ख्रिस्तप्रसाद म्हणून देतात, तिला आम्ही होस्त म्हणायचो, ती होस्त माय भाजायची. मैदा आणि पाणी, बस. मीठ नाही, तेल नाही. लांब दांड्यांचा लोखंडी साचा कोळशाच्या शेगडीवर तापवायचा, आत पळीभर पातळ पीठ सोडायचं आणि साचा मिटायचा. पीठ चर्र वाजायचं, कडेने वाफ सुटायची, आणि माय मनातल्या मनात एक ‘आमच्या बापा’ म्हणायची. प्रार्थना संपली की साचा उघडायचा, हे तिचं घड्याळ. घाई असली की ती प्रार्थना भरभर उरकायची, मग होस्त कच्ची निघायची आणि ती स्वतःलाच शिव्या द्यायची.

मग लोखंडी ठशाने त्या पापुद्र्यातून गोल चकत्या पाडायच्या. टक टक टक असा तो आवाज शनिवारी सकाळभर आमच्या घरापर्यंत यायचा, आणि त्या आवाजावर गल्लीतली पोट्टी जमायची, कारण चकत्या पाडून झाल्यावर भोकाभोकांची कातरणं उरायची. माय ती घरी आणायची, तव्यावर टाकायची, वरून तिखट, मीठ आणि तेलाचे चार थेंब. हिंदूंची, बौद्धांची, मुसलमानांची, आमची, सगळी पोट्टी दारात ओळीने उभी. एकदा एका सिस्टरने हे पाहिलं आणि तिला ते काही बरं वाटलं नाही. माय म्हणाली, “सिस्टर, वेदीवर जाऊस्तोवर तो मैदाच आहे.” मी पुढे सात वर्षं धर्मशास्त्र शिकलो, जाडजाड ग्रंथ वाचले, तिच्या या म्हणण्यात मला काही भर घालता आली नाही.

माझ्या लहानपणी आमची मिस्सा लॅटिनमधून व्हायची. जुने फादर परदेशी होते, तीस वर्षं आमच्यात राहून ते अगदी आमच्यासारखंच बोलायचे, “काहून गा पवल्या, उपासना सोडून कोठी चालला?” असं मला भर रस्त्यात विचारायचे. ते म्हातारे होऊन मायदेशी गेले. मग वरून आज्ञा आली की मिस्सा आता लोकांच्या भाषेत व्हावी, आणि त्यासाठी आमच्याकडे कोकणकिनाऱ्यावरचे फादर इनास आले. उंच, सडसडीत, चाळिशीचे. त्यांचं मराठी असं स्वच्छ की ऐकत राहावं. पहिल्याच प्रवचनाला माय अवाक झाली होती. “पुस्तकच बोलून राहिलं गा,” म्हणाली. पण लोकांची भाषा म्हणजे नेमकी कुठल्या लोकांची, हा प्रश्न आज्ञा काढणाऱ्याला पडला नव्हता. फादरांच्या स्वयंपाक्याने पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं, “फादर, सांबार संपला.” फादर म्हणाले, “असू दे, मला तो आवडत नाही.” आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. दोन महिने बिचारे बिनकोथिंबिरीचं वरण खात होते. मायने ही गोष्ट सगळ्या गल्लीला हसत हसत सांगितली, आणि तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

मला फादर व्हायचं होतं. हे खूळ माझ्या डोक्यात कसं आलं ते मी मागे लिहिलं आहे. मॅट्रिक झालो होतो. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवतात त्या शाळेत, जूनमध्ये जायचं होतं, आणि त्यासाठी आमच्या फादरांचं पत्र लागायचं. ते पत्र नसेल तर दारातूनच परत. फादर इनास म्हणाले होते, ईस्टरनंतर देतो.

त्याच उन्हाळ्यात रामटेके मास्तर पडले. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं. इंदोरा वस्तीत एकटे राहायचे, बायको वारली होती, मुलगी गोंदियाला दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. मास्तर न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. माय त्यांना मानायची, कारण बाप गेला तेव्हा माझी शाळा सुटू नये म्हणून ते आमच्या दारी येऊन बसले होते. मीच मायला म्हणालो, मास्तरचं कोण करेल, तू जा. मग ती रोज सकाळी मठातलं काम उरकून डबा घेऊन चालत इंदोऱ्याला जायची, चून-भाकर म्हणजे आमचं पिठलं-भाकरी, कधी भेदराची चटणी (टोमॅटोला आम्ही भेदरं म्हणतो), त्यांचं अंथरूण बदलायची, भांडी घासायची आणि उन्हं उतरली की परत.

एका शनिवारी तिच्याऐवजी मी होस्तींचा डबा घेऊन चर्चमध्ये गेलो. वेदीमागच्या खोलीत फादर वस्त्रं घडी करत होते.

“आज तू? आई कुठे आहे?”

“माय रामटेके मास्तरच्या घरी जाऊन राहिली, फादर.”

त्यांचे हात थांबले. “केव्हापासून?”

“दोन हप्ते झाले.”

“त्यांच्या घरी आणखी कोण असतं?”

“कोणीच नाही. बायको मरून चार वर्षं झाले.”

“आणि तुला हे चालतं?”

मला प्रश्नच कळला नाही. “काहून नाही चालणार? मीच म्हणलं तिले, जाय म्हणून.”

फादरांनी डबा माझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला आणि पाठ फिरवली. मला वाटलं, कामात आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार. तेव्हा ख्रिस्तप्रसाद घ्यायला वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी ओळीने गुडघे टेकायचे, फादर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे येत आणि प्रत्येकाच्या जिभेवर होस्त ठेवत. त्या दिवशी फादरांसोबत होस्तीचा कण खाली पडू नये म्हणून हनुवटीखाली धरायचं तबक घेऊन मी होतो. माय मधे होती, निळ्या काठाचं पांढरं लुगडं, डोळे मिटलेले, जीभ थोडी पुढे. फादर तिच्यापुढे आले, थांबले आणि पुढच्या बाईकडे गेले. तबक माझ्या हातात होतं, मलाही त्यांच्यामागे पाऊल टाकावं लागलं. मागे वळून पाहिलं तर माय अजून तशीच होती, डोळे मिटून, जीभ पुढे करून, वाट पाहत. शेजारच्या बाईने कोपर लावला तेव्हा तिने डोळे उघडले. सगळं चर्च बघत होतं. फादरांच्या हातातल्या होस्ती तिनेच आदल्या दिवशी भाजल्या होत्या. मला राग येतो हो, अजून येतो. त्या माणसाला मी पुढे क्षमा केली, त्याच्या शेवटच्या आजारात त्याचे पाय चेपले, पण ते एक पाऊल जे मी त्याच्यामागे टाकलं, त्याबद्दल मी स्वतःला क्षमा केलेली नाही.

माय घरी आली, चूल पेटवली, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा टाकला. रविवारी पातोडी असायचीच. “माह्यं काय चुकलं रे?” एवढंच तिने विचारलं, तेही माझ्याकडे न बघता. मी जेवलो नाही. तसाच उन्हात फादरांच्या बंगल्यावर गेलो.

ते मला बस म्हणाले नाहीत. “तूच मला सांगितलंस,” ते म्हणाले. “विधुर माणसाच्या घरी तुझी आई जाऊन राहिली आहे. लग्नावाचून. दोन आठवडे. आणि तूच तिला पाठवलंस.”

मला आधी समजेना. मग एकदम समजलं. “राहिली नाही, फादर, जाऊन राहिली. रोज जाते आन् संध्याकाळी येते. मास्तरचा पाय मोडला.”

फादरांच्या चेहऱ्यावर लाज आलेली मी पाहिली, आणि मग ती लाज कुठेतरी ठेवून दिलेलीही पाहिली. “मग तू चुकीचं बोललास,” ते म्हणाले. “‘जाते आहे’ म्हणायला हवं होतंस. ‘जाऊन राहिली’ याचा मराठीत एकच अर्थ होतो. भाषा अशुद्ध असली की असे अनर्थ होतात. मी तुझ्या आईला पुढच्या रविवारी प्रसाद देईन, विषय संपला. पण लोकांनी पाहिलं आहे. तू एका कागदावर लिहून दे की माझ्या अशुद्ध बोलण्यामुळे फादरांचा गैरसमज झाला. मी तो वाचून दाखवतो. आणि त्याच दिवशी तुझं सेमिनरीचं पत्रही घेऊन जा.”

“तुमी मायले विचारलं काहून नाही?” मी म्हणालो.

“कागद आण,” ते म्हणाले.

मी तिथून तडक इंदोऱ्याला गेलो. मास्तर खाटेवर पाय लांब करून पडले होते. सगळं ऐकल्यावर आधी ते हसले. “या वयात लगन लावून देल्लं गा फादरनं, आन् मले पत्ता नाही.” मग हसू थांबलं आणि त्यांनी मला पाटी आणायला लावली, अगदी शाळेतल्यासारखी. एका बाजूला लिहिलं, ‘ती जात आहे’. दुसऱ्या बाजूला, ‘ती जाऊन राहिली’. म्हणाले, “वाक्य बराबर आहे. त्यायच्या इकडं ‘जाऊन राहिली’ म्हणजे गेली आन् तिथंच राहिली. आपल्या इकडं काम चालू आहे, संपलं नाही, असं सांगाचं असलं का ‘राहिली’ लागते. यालेच व्याकरण म्हणते. पुस्तकात नाही म्हणून ते चूक होत नाही. पुस्तकात लिहिणारा अजून भेटला नाही, एवढंच.” नंतर आवाज खाली आणून म्हणाले, “पण पत्राचं पाह्य बावा. तुह्या जिंदगीचा सवाल आहे.”

मी घरी येऊन मायला कागदाचं सांगितलं. तिने आधी विचारलं, “तू काय म्हणलं होतं त्यायले?” मी शब्दाला शब्द सांगितलं. “मंग? बराबरच तं म्हणलं.”

“पण पत्र नाही देणार ते.”

“नाही देल्लं तं नाही देल्लं. लिहून नको देऊ.” मग जरा वेळाने म्हणाली, “माह्या पोराची बोली खोटी, असं मी देवाच्या घरात आयकणार नाही.”

पुढच्या रविवारी फादर कठड्याशी तिच्यापुढे आले, होस्त उचलली, तिच्या तोंडाजवळ नेली. मायने डोळे उघडे ठेवले आणि तोंड मिटलेलं. तबक पुन्हा माझ्याच हातात होतं. प्रसाद देताना म्हणायचं वाक्य फादरांनी दोनदा म्हटलं. तिने ओठ हलवले नाहीत, मान हलवली नाही, फक्त त्यांच्याकडे बघत राहिली, आणि शेवटी त्यांनाच पुढे जावं लागलं. या वेळी मी लगेच पाऊल टाकलं नाही. फादर दोन माणसं पुढे गेले तरी मी मायजवळ उभा होतो. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. ती चुकवायची नाही, मागे बसायची नाही, घरी राहायची नाही. पहिल्या ओळीत यायची, गुडघे टेकायची आणि तोंड मिटून घ्यायची. मी तिला म्हणालो, तू होस्ती भाजणंच सोड, बघू मग फादर काय देतात ते. ती माझ्यावरच डाफरली. “लोकायनं काय बिगाडलं? काम माह्यं आहे. भांडण फादरचं.” शनिवारची ती टक टक एकदाही चुकली नाही, उलट त्या दिवसांतल्या होस्ती इतक्या नीट भाजलेल्या निघत की सिस्टर तिला मुद्दाम बोलावून सांगायच्या.

मे लागला. सेमिनरीचं पत्र नव्हतं. एका दुपारी मी मास्तरांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो, माय भांडी आवरून रिकामा डबा पिशवीत घालत होती, आणि दारात फादर इनास उभे. घामाने झगा पाठीला चिकटलेला, सायकल भिंतीला टेकवलेली. ते स्वतः बघायला आले होते की समेट करायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मायने त्यांना पाहिलं, डोक्यावर पदर घेतला, पिशवी उचलली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या बाजूने दाराबाहेर निघाली. मास्तर खाटेवरून म्हणाले, “या फादर, बसा. मारताबाई जाऊन राहिली, नाहीतं तिनंच पाणी देल्लं असतं. पवल्या, पाणी आण.”

मास्तरांनी हे मुद्दाम म्हटलं का? मी त्यांना पुढे खूपदा विचारलं, ते नुसतेच मिशीत हसायचे. फादर मात्र दारात थिजले. त्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. माय चालली होती, उन्हात, पिशवी हलवत, अजून कोपऱ्यापर्यंतही पोचली नव्हती. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत फादर बघत होते. मग आत आले, पाणी प्यायले, मास्तरांच्या पायाची चौकशी केली आणि निघून गेले.

बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः फादर झाल्यावर, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घरी किनाऱ्यावर जी बोली बोलत, ती त्यांनी सेमिनरीत पाऊल टाकल्या दिवशी टाकून दिली होती, कारण तिथली मुलं हसायची. पुढे सुट्टीत घरी गेले की आईशीही पुस्तकी मराठी बोलायचे, आणि ती बावरून त्यांना ‘अहो’ म्हणू लागली होती. हे सांगताना ते रडले. मला वाईट वाटलं, पण त्या मे महिन्यात मला हे ठाऊक असतं तरी मी कागद लिहून दिला नसता.

त्या रविवारी प्रवचनाच्या जागी फादर वेदीवरून खाली उतरले आणि कठड्याच्या अलीकडे उभे राहिले. “काही रविवारांपूर्वी मी मारताबाईंना प्रसाद नाकारला,” ते म्हणाले. “त्यांची चूक नव्हती. त्यांच्या मुलाचीही नव्हती. तो बरोबर बोलला होता. मला तुमची भाषा समजली नाही, आणि समजत नाही हेही मला समजलं नाही. मी विचारायला हवं होतं.” मग ते थांबले. त्यांनी स्वयंपाक्याकडून पाठ करून घेतलं असावं, कारण पुढचे शब्द त्यांनी एकेक करून, जपून उच्चारले. “मारताबाई, मी चुकून राहिलो.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली, कारण आमच्या बोलीत त्याचा अर्थ होतो, मी चुकतो आहे, अजून. फादरांना हसू कशाचं ते कळलं नाही, पण ते तसेच उभे राहिले. पुढे प्रसादाची वेळ झाली, माय कठड्याशी आली, गुडघे टेकले, त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी तबक तिच्या हनुवटीखाली धरलं आणि फादरांनी होस्त तिच्या जिभेवर ठेवली.

घरी पातोडी वळताना मी मायला म्हणालो, “फादरनं ‘चुकलो’ म्हणाले पाहिजे होतं. ‘चुकून राहिलो’ म्हणलं तं अजून चालूच आहे असं होते.”

ती पीठ थापत होती. “पत्र देल्लं का त्यायनं तुले?”

“नाही.”

“मंग बराबरच बोलले. चालूच आहे. जाय, घेऊन ये.”

मी गेलो. पत्र टेबलावर लिहून तयार होतं, पाकीट उघडंच होतं, आणि रस्त्यात मी ते वाचलं. माझं वय, माझी मॅट्रिक, बापाचं नाव, आणि शेवटी त्यांच्या त्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत दोन ओळी: ‘मुलगा हट्टी आहे. घ्यावा.’

मुद्रितं उद्या टपालात टाकतो आहे. ऱ्हस्वदीर्घ सगळे मान्य. त्या लाल वर्तुळाशेजारी समासात मी एवढंच लिहिलं आहे: ‘लेखक हट्टी आहे. छापावं.’